गाडी राती कुठं निजती

पूर्णा गावात टायरवाल्याच्या आन् वेल्डिंगवाल्याच्या मधात सुकेशनीचं पत्र्याचं दुकान हाय. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, डायनमो, बॅटरी हे तिचं काम. नवखं गिऱ्हाईक येतं, बोनेटमधी कंबरेपर्यंत शिरलेली बाई बघतं आन् इचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" ती डोकं वर न काढता सांगती, "मिस्त्री बोनेटमधीच हाय. काय बिघडलं ते बोला."

तिचा बाप सिताराम रेल्वेत होता. डब्यातले दिवे-पंखे ज्याच्यावर चालतात, त्या डब्याखालच्या बॅटऱ्या बघायचा. सुकेशनीनं आयटीआय केली ती नंतर. खरी शाळा बापापाशीच झाली. सिताराम म्हणायचा, "बॅटरी म्हंजे रांजण. रिकामा झाला की लोक रांजण फोडायला उठतात. तू पिणारा हुडकत जा." पोरीनं तेवढं पक्कं धरलं. दुसरे मिस्त्री बॅटरी उतरली की नवी बसवून मोकळे होतात. ही मातर गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवती आन् सोयरीक जुळवायला आल्यासारखी चौकशी लावती. लोक वैतागतात, तोंडाची फटकळ म्हणून नावं ठिवतात, आन् गाडी अडली की परत तिच्याच दारात आणून लावतात.

यंदा मंगेशच्या पिकअपनं तिची परीक्षा बघितली.

मंगेश नदीकाठच्या गावचा. शेतातच घर, घराला लागून रेशमाच्या अळ्यांचं शेड. पिकअप भल्या पहाटं भाजीचे कॅरेट घेऊन नांदेडच्या बाजाराला जाती. गाडीवर नागनाथ ड्रायव्हर. गावातलाच, जुना माणूस. ह्या गाडीची बॅटरी सकाळी मेलेली सापडायला लागली. बरं, रोज मेली तर माणूस काय तरी ठरवील. काही दिवस गाडी वाघावानी चालायची, मग लागोपाठ बसायची. धक्का मारमारून चालू करूस्तवर बाजार उठायचा आन् मेथी माना टाकायची. मंगेशनं नवी बॅटरी घातली. तीबी उतरली.

सुकेशनीनं काळी वायर बॅटरीवरून सोडली आन् वायर आन् बॅटरीच्या मधी एक बारका बल्ब जोडला. चावी काढलेली, दारं लावलेली, गाडी गपगार. अशा वक्ताला कुठं चोरून करंट जात असंल तर बल्ब पेटतो. बल्ब काही पेटला न्हाई. मग तिनं गाडी चालू करून डायनमो बॅटरी भरतो का ते तपासलं. बराबर. गाडी रातभर दुकानापुढं ठिवून घेतली. सकाळी पहिल्या चावीला चालू.

"गाडीत काय बी दोष न्हाई," ती मंगेशला म्हणाली.

"मंग माणसात हाय," मंगेश म्हणाला आन् नागनाथाकडं बघितलं. "टेप लावून बसत असंल, न्हाईतर मोबाइल लावून ठिवत असंल. सांगून ठिवतो, आता एकदा उतरली की चावी ठिवायची आन् घरी बसायचं."

"मालक, मी दिवस मावळायच्या आत गाडी लावून घरी जातो. दारचं कुत्रं साक्षीला हाय."

"कुत्र्याला गाडी येत असती तर त्यालाच ठिवला असता."

टायरवाला हसला. नागनाथ हसला न्हाई. सुकेशनीनं हात पुसले, पर तिला ते गोड लागलं न्हाई. ती बोलली ते खरंच होतं, आन् तेच खरं नागनाथाच्या रोजीवर उठलं होतं.

आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालली. मग एका सकाळी पिकअप परत दुकानापुढं आली. गाडी मंगेश चालवायला होता. नागनाथ बाजूच्या सीटवर, मांडीवर हात ठिवून, पाव्हण्यावानी.

"उतरली," मंगेश म्हणाला. "शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमट्याच्या वायरी लावून चालू केली. आता ताई, तुमी फकस्त एवढं सांगा की ह्यानंच उतरवली. गावात चार लोकांत मी बोलून बसलोय, मिस्त्रीचा शब्द असला म्हंजे बरं."

"मिस्त्रीचा शब्द उधार मिळत न्हाई. बोनेट उघडा."

ती लय येळ नुसतीच बॅटरीकडं बघत उभी राहिली. मग बोटानं वायर जोडायचं टर्मिनल चाचपलं. नव्या बॅटरीच्या मऊ शिशावर बारीक दात उमटले होते, दोन्ही टर्मिनलांवर, एकावर एक, जुने आन् नवे.

"ट्रॅक्टरवरून चालू केली तवाचे असतील," मंगेश म्हणाला.

"त्या चिमट्याचे दात रुंद असतात. हे बघा, ते हितं वेगळेच हायत. हे बारक्या चिमट्याचे. कोणीतरी रोज लावायलंय आन् रोज काढायलंय."

"घ्या. वायर टाकून करंट नेतो हा."

"मह्याकडं घरात दोन बल्ब हायत मालक, तेबी सरकारी लाइटीवर," नागनाथ म्हणाला.

सुकेशनीनं दोघांचंबी ऐकलं न्हाई. तिला सोताचाच राग यायला लागला होता. हरेक गिऱ्हाइकाला खोदून खोदून इचारणारी बाई, आन् ह्या खेपेला गाडीच तपासत बसली.

"गाडी राती कुठं निजती?" तिनं इचारलं.

"शेडापाशी. कामून?"

"चला, बघू."

"आत्ता? आन् दुकान?"

"दुकानाला चाकं न्हाईत. चला."

शेडात मंगेशची बायको त्रिवेणी तुतीचा पाला टाकायली होती. अळ्या बोटाएवढ्या झालेल्या, खायचा करकर आवाज दारापर्यंत यायलेला. बांबूला चार पंखे बांधलेले, सोलरच्या बॅटरीवर चालतात तसले बारके. त्यांच्या वायरी एकत्र करून खिळ्याला टांगलेल्या, आन् वायरीच्या टोकाला दोन चिमटे, एक लाल, एक काळा. सुकेशनीनं काळा चिमटा उघडून त्याचे दात बघितले.

"वहिनी, लाइट गेल्यावर हे पंखे कशावर चालतात?"

"पिकअपवर," त्रिवेणी पाला टाकता टाकताच म्हणाली. "दुसरं काय हाय हितं?"

मंगेश दारातून आत आला. "कधीपसून?"

"मागल्या पावसाळ्यापसून. तुमीच न्हाई का म्हणलाव, गाडी उभीच असती, तिला लाव म्हणून? तवा एक पंखा होता. आता चार झालेत. चौथी कात टाकल्यावर अळीला वारा न्हाई भेटला तर सगळी बॅच नासती. नागनाथभाऊ यायच्या आधी काढून ठिवते की. त्याला खोळंबा नको म्हणून."

"आन् हितं रोजची कटकट चाललीय, तवा बोलली न्हाईस?"

"मला कोणी इचारलं? तुमी तर सदा नागनाथभाऊलाच इचारत होताव. मला वाटलं, गाडी दिवसभर पळती, पंख्यापुरतं भरून येत असंल."

सुकेशनीनं मंगेशला उलगडून सांगितलं. अळ्या बारक्या असल्या की पंखे लागत न्हाईत, तवा गाडी बरी. अळ्या मोठ्या झाल्या आन् शेताची लाइट त्या हप्त्यात दिवसाच असली, की रातभर चार पंखे बॅटरीवर. नवी घाला, जुनी घाला, सकाळी खडखडाट.

"मंग अळ्या मारू का आता?" मंगेश म्हणाला.

"घरात इन्व्हर्टर हाय?"

"हाय की," त्रिवेणीच बोलली. "टीव्हीपुरता. मला हात लावू देत न्हाईत."

दुपारपर्यंत सुकेशनीनं इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीवरून शेडापर्यंत वेगळी वायर ओढली, मधी फ्यूज टाकला आन् चिमट्यांच्या जागी पक्की जोडणी केली. लाइट गेल्यावर टीव्हीवरच्या मॅचचं कसं, ते मंगेशनं एकदा हळूच इचारून बघितलं. त्रिवेणी म्हणाली, "अळ्या कोषात गेल्या की बघा."

नागनाथ लिंबाखाली बसून होता. मंगेश त्याच्यापाशी गेला, चावी पुढं केली. "धर. ताईला पूर्णेला सोडून ये."

नागनाथानं चावीकडं बघितलं, हात काही पुढं केला न्हाई. "चोर म्हणलाव ते चार लोकांत, मालक. चावी एकट्यात कामून द्यायलाव?"

मंगेशनं सुकेशनीकडं बघितलं. ती वायरीची गुंडाळी करायली होती, आन् करतच राहिली.

शेवटी तिघं पिकअपमधी बसले, मंगेश स्टिअरिंगवर. गावात पारापुढच्या हॉटेलापाशी त्यानं गाडी थांबवली. बाकड्यावर नेहमीची माणसं होती. मंगेश खाली उतरला, कपाळावरचं भस्म पुसलं जाईस्तवर घाम पुसला.

"बॅटरीचं सापडलं," तो म्हणाला. "मह्याच घरचे पंखे पेत होते. मीच लावायला सांगितलेले. नागनाथाचं काय नव्हतं. मी उगंच बोललो."

"मंग इतके दिवस आमी फुकटच त्याला हिणवलं की," एक म्हातारा बोलला. "चहा सांग त्याला."

"आन् ताईला," दुसरा म्हणाला.

चहा आला. नागनाथानं उभ्यानंच पेला, गलास ठिवला, आन् फिरून ड्रायव्हरच्या दाराशी गेला. मंगेशनं चावी दिली. नागनाथ बसला, आरसा नीट केला, सीटखाली हात घातला.

"सीट लय मागं घेतली तुमी, मालक," तो म्हणाला आन् पुढं ओढली.