सारांदीसने केलेले ठोकळे

बुगात्साची, म्हणजे आमच्याकडच्या सारण भरलेल्या पापुद्र्यांच्या भाजणीच्या पदार्थाची, पारी हवेत फिरवून कागदासारखी पातळ करण्यात सारांदीसचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नव्हता. त्याचं दुकान मी काम करतो त्या केंद्राच्या मागच्या गल्लीत. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो सहावीनंतर बापाच्या भट्टीवर गेला. मी कॉमर्स करून मुलांच्या मानसिक तपासणीच्या सरकारी केंद्रात कारकून झालो. बत्तीस वर्षं नोंदवही माझ्याकडे आहे.

त्याची बायको लवकर गेली. मुलगी एकच, मेल्पो. वर्गात तिचं लक्ष पाच मिनिटंही टिकत नसे, आणि पेपर हातात आला की हात थरथरायचे, उलटी व्हायची. तोंडी विचारलं तर मात्र सगळं यायचं. तिला वनखात्याचं शिक्षण घ्यायचं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, केंद्राचा दाखला आणा, म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडी घेता येईल. बाहेरच्या डॉक्टरचा कागद चालत नाही.

तेव्हा तिला नुकतीच पंधरा पूर्ण झाली होती. मी नाव लिहून घेतलं.

"अडीच वर्षांनी नंबर लागेल," मी म्हणालो.

"अरे थोमा, तुझ्या वहीत पोरगी म्हातारी होईल माझी!"

"परीक्षेच्या आधी लागतो. काळजी करू नकोस."

"आत विचारतात काय पण?"

"काही प्रश्न, काही आकडे. लाकडी ठोकळे जुळवायला देतात."

एवढंच बोललो. तेही बोलायला नको होतं.

आमच्याकडे परीक्षा म्हटली की शिकवणी आलीच. संध्याकाळी गावातली निम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला असतात. या परीक्षेचा क्लास नव्हता, म्हणून सारांदीसने स्वतःच काढला. औषधवाल्याचा मुलगा आमच्याकडे तपासून गेला होता. त्याला दोन बशा बुगात्सा खाऊ घालून सारांदीसने आतलं सगळं काढून घेतलं आणि सुताराकडून दुरंगी ठोकळे करवून आणले.

दुपारी दुकान धुऊन झालं की बापलेक गल्ल्यामागे बसायचे.

"थोमा, घड्याळ लाव बरं!" मला पाहून तो ओरडायचा. अकरा सेकंदांत नक्षी तयार.

जी पोरगी एरवी खुर्चीत टिकत नसे, ती तासभर बसलेली मी पाहिली. मला वाटलं, बसतेय तर बसू दे. काय चाललंय ते मला कळायला हवं होतं. मी बुगात्सा बांधून घेऊन घरी गेलो.

फेब्रुवारीत नंबर लागला. सारांदीस लग्नातला कोट घालून आला होता. आमच्या मानसतज्ज्ञ वासिलिकीबाई मेल्पोला आत घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांत बाहेर आल्या. तपासणीला तीन तास लागतात.

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

"का? चुकली का?"

"एकही चूक नाही. विचारलं, हे आधी केलं होतंस का? तर म्हणाली, रोज, बाबांनी करून दिलेत."

"मग पास ना?"

"यात पास-नापास नसतं हो. तिला कुठे जड जातं तेच बघायचं होतं मला. आता हे आकडे निरुपयोगी. आणि भीती वाटते का विचारलं, तर पाठ केल्यासारखं म्हणाली, मुळीच नाही, झोप छान लागते."

"तेही मीच शिकवलं," सारांदीस म्हणाला. "पोरीची नाचक्की नको म्हणून."

"हात थरथरत होते तिचे."

"दिसलं ना तुम्हाला? मग लिहा की तसं!"

"दिसलं एवढ्यावर सही करता येत नाही, काका. पाठ झालेली चाचणी दोन वर्षं पुन्हा घेता येत नाही."

तो बाहेर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला. मेल्पो कोटाची बाही धरून उभी होती. "बाबा, कुठलं चुकलं माझं?" तिने विचारलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नापास व्हायचं असतं, हे सांगायचंस ना रे, थोमा."

मग म्हणाला, "पुन्हा लिही नाव."

दोन वर्षांनी ती एकोणीस पार केलेली असणार. केंद्र अठरापर्यंतच घेतं. मी ते सांगितलं. "तरी लिही," तो म्हणाला. मी लिहिलं नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मेल्पो अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन बाहेर आली. पुढच्या पेपरांना गेली नाही. आता ती दुकानात असते. लक्ष राहत नाही, पारी मधेच फाटते. सारांदीस फाटलेली पारी गोळा करून पुन्हा मळतो.

मागच्या महिन्यात तो ठोकळ्यांची पेटी घेऊन आला. "एखाद्या पोराला दे," म्हणाला.

ते ठोकळे कुठल्याच मुलाच्या हातात देता येत नाहीत. हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. पेटी माझ्या खालच्या खणात आहे. जूनमध्ये मी निवृत्त होतो, खण रिकामा करून द्यावा लागेल.