निळ्या पाण्यातला मासा

आमच्या बाजारात मासळी विकणाऱ्या सुमनमावशी पेपर घेतात ते रद्दीचे, मासे गुंडाळायला. या आठवड्यात मात्र त्यांनी सलग चार दिवस ताजा पेपर विकत घेतला. कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीतले मासे मरून वर आले होते. वार्ताहर येऊन गेला होता. मेलेला मासा हातात धरून मावशींनी फोटोही काढून घेतला होता.

आज त्यांनी पेपरचं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. पानभर त्याच कारखान्याची जाहिरात: पर्यावरण दिनाच्या शुभेच्छा, निळंशार पाणी आणि उसळी मारणारा मासा. आतल्या पानांत खाडीचं नावही नव्हतं.

"वार्ताहर काय म्हणाला?"

"म्हणतो, मावशी, मी लिहून पाठवलं होतं."

खरंही असेल. हल्ली लिहिणाऱ्याचा हात कुणी धरत नाही. जागाच आधी विकलेली असते. आणि मी? जे छापून आलं नाही ते घडलंच नाही, असं समजून रोज चहा संपवतो.

मावशींनी जाहिरातीतला तो मासा पुन्हा निरखला. "हा आपल्या खाडीतला न्हाय," त्या म्हणाल्या आणि त्याच पानात त्यांनी माझी कोळंबी गुंडाळली. "ही पण न्हाय. बाहेरची हाय, बर्फातली."