राणीच्या रुपयावरचे ठिपके

खालापूरजवळच्या एका गावात माझी मुलगी दिली आहे. तिथे चैत्राच्या जत्रेत देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून माझे व्याही आणि त्यांचा चुलत भाऊ यांच्यात वाद होता. व्याह्यांचा पुरावा म्हणजे देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया. तो खापरपणजोबांना मानाबरोबर मिळाला, असं घरात सांगतात. त्यावर साल १८६२. त्या भरवशावर फ्लेक्सही छापून झाला होता, ‘१८६२ पासूनचे मानकरी’. फ्लेक्सवर व्याही काळा चष्मा लावून फोनवर बोलत होते. पलीकडे बहुधा राणीच असावी.

मला जुनी नाणी भिंगाखाली न्याहाळायचा नाद आहे, हे मुलीनेच कधीतरी कौतुकाने सासरी सांगितलं होतं. म्हणून रुपया तपासायला मला कर्जतहून बोलावणं आलं.

प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर मला मधोमध बसवलं. एका अंगाला व्याही, दुसऱ्या अंगाला चुलत भाऊ, समोर दारापर्यंत भावकी. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मी काहीही बोललो तरी संध्याकाळी कर्जतला जाणार होतो. तिला याच घरात राहायचं होतं.

मी भिंग लावलं आणि सालाखाली पाहिलं. टांकसाळीने १८६२ नंतरही कित्येक वर्षं रुपयावर तेच साल ठेवलं होतं. रुपया नेमका कधीचा, हे सालाखालच्या बारीक ठिपक्यांवरून ताडतात. ठिपके वाढले, की रुपया नंतरचा. व्याह्यांच्या रुपयावर चार होते.

“साल बासष्टच हाय ना?” व्याह्यांनी विचारलं.

“बासष्टच आहे,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“मंग आमचा पन बगा की,” म्हणत चुलत भावाने रुमालाची गाठ सोडली. त्यातही रुपया, त्यावरही १८६२. व्याह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू राणीने त्यांना दगा दिला होता. या रुपयावर ठिपका एकच होता.

“दोन्ही फार सुंदर आहेत,” मी म्हणालो.

“पावणं, आमी काय सुंदर दिसायच्या स्पर्धेला बसलोय? जुना कंचा, तेवढं बोला,” चुलत भाऊ म्हणाला.

सगळे हसले. हल्ली डोळ्यांना बारीक दिसत नाही, असं मी पुटपुटलो. सुटलो असं वाटलं, तोच व्याही वळले. “सूनबाई, तू बग गं. तुला बापानं शिकवलंय म्हनं.”

मी टाळलेल्या जागी आता ती अडकली होती.

तिने दोन्ही रुपये उजेडाकडे धरले. “आपल्या रुपयावर चार ठिपके आहेत, मामंजी. काकांच्यावर एक.”

“चार!” व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंस काय रं? तुझा एकच!”

चुलत भावाचा चेहरा पडला. मुलीने भिंग माझ्या हातात दिलं. ठिपक्यांचा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिने फक्त मोजून दाखवले होते. मी गप्प बसलो असतो तर दिवस आनंदात गेला असता. मग कोणीतरी मोबाइलवर शोधलं असतं आणि सुनेने लपवलं असं झालं असतं.

“जास्त ठिपके म्हणजे रुपया नंतरचा,” मी म्हणालो. “पण तो घरात कधी आला, कोणी दिला, हे यावरून कळत नाही.”

दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. “दादा, फ्लेक्स उतरवा!” असा गलका झाला. व्याही रुपया उचलून आत गेले. मागोमाग मुलगी. मी सोफ्यावर तसाच.

आतून आवाज आला, “तुला म्हाईत व्हतं?”

“हो.”

“मंग बोलली का नाय?”

“तुम्ही बघायला सांगितलंत. दिसलं ते बोलले, मामंजी.”

मग ताटं काढल्याचा आवाज आला. व्याही बाहेर आले ते सरळ माझ्यासमोर.

“व्याही, जेवून जावा. पन पुढच्या टायमाला तुमाला तरास नाय. आमची सून हाय, तिला तुमच्यापरीस सरळ बोलता येतं.”

त्यांच्यामागून मुलगी ताटं घेऊन आली. ती हसत होती की नाही, हे वाढायला वाकल्यामुळे मला दिसलं नाही.