मचव्याच्या सुताराने केलेला बार

आगबोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या काकांना दिवाळे गावातल्या घरी, पत्ते खेळण्याच्या खोलीत, बोटीवरच्यासारखा बार हवा होता. दारूबंदीमुळे तिथे कोकमाचे सरबतच मिळणार, हा तपशील त्यांना गौण वाटे. काम मचवे, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्या, बांधणाऱ्या सुतारमामांकडे होते. सागाची फळी सुरेख बसली. पण तिच्यावर ठेवलेला पेला सावकाश घसरत कडेशी गेला.

"जमीन वाकडी हाय," मामा म्हणाले.

मी नुकतीच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. पुढे शिकायला वडिलांची संमती हवी होती आणि "घराला उपेग काय?" हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित होता. रबरी नळीच्या टोकांना काचनळ्या जोडून मी पाणी भरले आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीवरून आधी जमीन, मग फळी तपासली. जमीन समतल निघाली. फळीच मध्ये उंच आणि कडांना उतरती होती.

"मामा, तुम्ही मचव्याचा डेक केलात."

"मंग? सपाट ठेवला तर पानी साचून लाकूड कुजंल ना, बाय!"

"पत्त्यांच्या खोलीत लाट कुठून येणार?"

काका पोट धरून हसले. वडील मात्र वाकून नळीतले पाणी निरखत होते.

"हिला इचारून रंधा मार," ते मामांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुजा तो कालेजचा फॉर्म आन. सई करतो."