माळवदावरची माती

नगरला आमच्या कॉलनीत माळवदाचं घर एकच, ते माझं. बाकी सगळी स्लॅबची. जन्मभर सरकारी नोकरीत सिमेंट ओतलं आणि निवृत्तीच्या तोंडावर माझ्या डोक्यात मातीचं छप्पर शिरलं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि वर हातभर माती. मे महिन्यात शेजारी एसी लावून बसत, तेव्हा मी नुसत्या पंख्याखाली गाढ झोपायचो आणि संध्याकाळी ते सगळ्यांना ऐकवायचो. ऐकवायला मला फार आवडतं, हे कबूल करतो.

माळवदाची एक कटकट असते. दरवर्षी पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर घालून, पाणी शिंपडून तो धुमसाने चोपावा लागतो, नाहीतर घर गळतं. गावाकडे हे सावडीने होतं. आज सगळे तुझ्या घरावर, उद्या सगळे माझ्या. आमच्याकडेही दर उन्हाळ्यात एका रविवारी कॉलनीतली आठ-दहा माणसं घमेली घेऊन यायची, मातीत माखायची, खाली येऊन पोहे खायची. मी त्यांना उष्णतेवर व्याख्यान द्यायचो. माझं घर माणसं जोडतं, असं सांगत फिरायचो.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. पुढच्या उन्हाळ्यात मला काही सुचलंच नाही. थर घालायचा राहिला आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागली. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, आता स्लॅब टाकून घ्या." मी म्हणालो, येत्या उन्हाळ्यात माणसं जमली नाहीत तर टाकू.

यंदा कॉलनीच्या ग्रुपवर कळवलं. भराभर अंगठे आले. मी पंधरा जणांचे पोहे केले. हे छप्पर ज्याने घातलं आणि जो दरवर्षी थर घालायला यायचा, तो म्हातारा गवंडी पाथर्डीहून एसटीने आला. साडेनऊ वाजले तरी माळवदावर आम्ही दोघंच. मी एकेका घराकडे बोट दाखवून उद्धार सुरू केला. अमक्याने तीन वर्षं पोहे हाणले, तमक्याला आता पाठदुखी.

गवंड्याने धुमस खाली टेकवला. "सायेब, तुमी ह्यांच्यात कुनाच्या कामाला गेल्ता का कधी?"

"त्यांच्या स्लॅबवर कसलं काम असणार?"

"छपराचंच काम आसतं व्हय? बाईसायेब जायच्या की. कुनाच्या कुरडया, कुनाचे पापड, कुनाच्या लेकीचं बाळंतपण. लोक त्यांची सावड फेडाया येत हुते."

एवढं बोलून तो पुन्हा माती चोपू लागला. मला लाज वाटली, आणि इतकं एकटं तर ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ती दुपारी कुठे जाते, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मी झोपलेला असायचो.

उन्हं उतरेपर्यंत आमचं अर्धं माळवद झालं. गवंड्याला एसटी गाठायची होती. तो गेल्यावर मी हातपाय धुऊन शेजारच्या दारात गेलो. इतक्या वर्षांत त्या फाटकातून मी पहिल्यांदाच आत शिरत होतो.

शेजारीणबाईंनी दार उघडलं. "बोला काका, काही काम होतं का?"

"नाही. तुमच्याकडे काही काम असेल तर सांगा, म्हणून आलो."

त्या गोंधळल्या. त्यांनी पदराला हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "काकू गेल्यापासून तुमच्याकडून कोणी आलंच नाही. आम्हाला वाटलं, ग्रुपवर आपलं रीतीपुरतं कळवलंत, तुम्हाला कोणी आलेलं नको आहे."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत या म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि मला परत फिरवेना.