पडद्यासाठी ढोल बंद?

भावांनो, आज दुपारी मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर माह्यं डोकंच फिरलं.

आवाजासंगं पडद्यावर रंगीत लाटा उठवणारं सॉफ्टवेअर मी चालवतो. आज जिवतीकडच्या गोंडी ढोलवाल्याईचा कार्यक्रम होता. तालमीत लाटा हलेचनात, कारण सेटिंग कालच्या डीजेचीच राहिली होती. चूक माही. मॅनेजरले म्हटलं, "पाच मिनिटं द्या, ढोलाच्या हिशोबानं बदलतो."

तो म्हणते, "काऊन टाइम घालवून राह्यला? डीजेचं गाणं लाव. हे ढोलवाले नुसते ढोलावर हात हलवतीन."

ढोल गळ्यात घालून उभे असलेले बुढे भाऊ मले म्हणाले, "बाबू, आमचा ढोल तुह्या मशीनले ऐकू येत नाई का?"

मी पडद्याची वायरच उपसून फेकली.

सांगा, मशीनले ढोल ऐकू येत नसन, तं सेटिंग बदलाची का ढोलच मुका कराचा?