चन्नबसप्पाची डावी बाजू

अहमदपूरच्या चन्नबसप्पाच्या नजरेवर एकोणीस वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती. घेणार तरी कोण? लातूरच्या डॉक्टर मार्तंड देगलूरकरांची गाडी तो चालवायचा, आणि डॉक्टर होते डोळ्यांचेच. कंधारला, नायगावला शिबिर असलं की गाडी सावलीला लावून चन्नबसप्पा रांग सांभाळायला उभा राहायचा. "आज्जे, हनुवटी टेक इथं. हलू नको. डॉक्टर काय खाऊन राहिले का तुला?" काचबिंदूवरचं डॉक्टरांचं भाषण त्याला पाठ होतं. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. घरात एकाला असला तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं. चन्नबसप्पाचे वडील शेवटची सात वर्षं भिंत चाचपत अंगणात यायचे. तरी डोळे तपासायच्या त्या मशीनवर स्वतःची हनुवटी टेकायचं त्याला सुचलं नाही.

सुचलं नाही म्हणणं तितकं खरं नाही. गेल्या दिवाळीपासून डावीकडच्या वस्तू त्याला लागायला लागल्या होत्या. दाराची चौकट खांद्याला, पाण्याची बादली नडगीला. एकदा जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या त्यानं दोनदा मागितला, तेव्हा त्याची बायको शांतम्मा बघतच राहिली.

"साहेबाला डोळे दावा की एकदा. फुकटात तर हाय."

"मला पूजेला लिंग स्वच्छ दिसतंय. कशाला दावू?"

रोज अंघोळ झाली की चन्नबसप्पा गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचा आणि एकटक बघत पूजा करायचा. त्याआधी चहाचा घोटही नाही. काळंभोर लिंग मधोमध लख्ख दिसायचं, वर ठेवलेल्या बेलाच्या पानाची शीरसुद्धा. त्याच्या लेखी तीच रोजची तपासणी. तळहाताच्या कडा, बोटांची टोकं कुठं गेली, हे तो बघतच नव्हता. पूजेत बघायचं असतं ते लिंगाकडं.

आणि खरं सांगायचं तर तो भ्यायला होता. मशीनवर बसलो अन् काही निघालं, तर किल्ली जाणार. गल्लीत त्याला सगळे 'साहेबाचा गाडीवाला' म्हणून ओळखायचे. लग्नपत्रिकेवरसुद्धा तसंच नाव यायचं. किल्ली गेल्यावर मागं कोण उरतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांना पन्नाशीनंतर गोल्फचा नाद लागला होता. लातुरात कुठलं आलंय मैदान. महिन्यातला एक रविवार ते हैदराबादला जायचे. त्यांच्या साठीला मुलानं, मिहिरनं, बेंगळुरूच्या एका कंपनीकडून त्यांच्यापुरती खास सहल आखून घेतली. स्वतःच्या गाडीनं डोंगर चढायचे, आधी उटी, मग कोडगू, मुक्कामाला गोल्फ. उशी मऊ हवी की कडक, थालीपिठाबरोबर लोणी की दही, सगळं कंपनीनं विचारून घेतलं होतं. घाटात मात्र कंपनीचाच ड्रायव्हर बसणार होता. डॉक्टर अडून बसले, "चालवेल तर चन्नबसप्पाच." मग कंपनीनं चन्नबसप्पाच्या डोळ्यांचं सर्टिफिकेट मागितलं.

दवाखान्यात त्या दिवशी मरणाची गर्दी. डॉक्टरांनी पुढ्यात कागद ओढला. चन्नबसप्पा मशीनशेजारी उभा होता.

"बसू का सर?"

"कशाला? एकोणीस वर्षं मी तुझ्याच डोळ्यांनी रस्ता बघतोय."

सही झाली, शिक्का बसला. बाहेर येऊन चन्नबसप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. सुटलो, असं त्याला वाटलं.

मैसूर सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा दुपार कलली होती आणि धुकं उतरत होतं. नवी परदेशी गाडी. कडेला काही आलं की टूं टूं करायची. बाबांची झोप मोडते म्हणून मिहिरनं तो आवाज बंद करून टाकला. चढाच्या एका अवघड वळणावर, निळ्या ताडपत्रीच्या टपरीच्या जरा खाली, डावीकडं ठप्प झालं. आरसा आत मिटला.

"काय होतं काका?" मागून मिहिरनं विचारलं. तो हाडांचा डॉक्टर होता, आणि तेव्हा मोबाईलमध्ये होता.

"फांदी असंल."

फांदी घासत जाते, ठप्प करत नाही. एवढं कळायला एकोणीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर लागत नाही. पण चन्नबसप्पाला दिसलं काहीच नव्हतं, आणि थांबलं तर का दिसलं नाही, हे सांगावं लागलं असतं. पुढच्या थांब्यावर त्यानं आरसा सरळ केला. त्या रात्री ड्रायव्हर लोकांच्या खोलीत त्याला अन्न गेलं नाही.

दुसरा सगळा दिवस पावसात गेला, खेळ झालाच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टर मैदानावर हजर. हिरव्यागार उतारावर चन्नबसप्पाला पुढं उभं केलं. चेंडू कुठं पडतो ते बघायचं काम त्याचं. हैदराबादला त्याचा त्यात हातखंडा होता. आज समोर पडलेला चेंडू तो धावत जाऊन दाखवायचा. डावीकडचा एकही सापडेना. चौथा तर त्याच्या बुटाशेजारून गडगडत गेला.

मिहिर हसला. "काका, डावीकडं काय सासरवाडी आहे का? बघतसुद्धा नाही तिकडं!"

डॉक्टर हसले नाहीत. काठी गवतावर टाकून ते चन्नबसप्पासमोर येऊन उभे राहिले.

"माझ्या नाकाकडं बघ. बोट दिसलं की सांग."

ही तपासणी चन्नबसप्पानं शिबिरांत हजार वेळा पाहिली होती. डॉक्टर आधी उजवीकडून बोट आणतात, मग डावीकडून, वरून खाली, सावकाश. उजवीकडचं दिसलं. मग त्यानं मनात तीन आकडे मोजले आणि म्हणाला, "दिसलं."

डॉक्टरांनी तोवर दोन्ही हात पाठीमागं बांधले होते; डावीकडं बोट आणलंच नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाले, "कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"आणि मला सांगितलं नाहीस! एवढी माणसं तू माझ्यासमोर आणून बसवलीस!"

"मी इचारलं होतं सर. बसू का म्हणून."

डॉक्टरांनी मान फिरवली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. माहीत आहे ना?"

"हाव. मीच सांगतो की लोकाला."

मिहिरनं पुढं केलेल्या हातावर त्यानं किल्ली ठेवली. ओळख म्हणावी तर ती एवढीच होती, म्हणून जपली होती.

दुपारी कोडगूला जायला तोच घाट उतरायचा होता. मिहिर चालवत होता, चन्नबसप्पा त्याच्या शेजारी, डाव्या सीटवर. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिथं बसला होता. निळी ताडपत्री जवळ आली तसा तो म्हणाला, "मिहिरदादा, जरा थांबता का. एक बघायचंय."

टपरीवर एक बाई गाजरांच्या जुड्या बांधत होती. बाजूला एक सायकल टेकवलेली, पुढचं चाक पार वाकडं, कॅरिअरला गवताचा भारा अजून तसाच. चन्नबसप्पाच्या आजोळची बोली कन्नड, आणि या डोंगरातल्या लोकांनाही ती कळायची. त्यानं बाईला विचारलं. ती हातातलं काम न थांबवता सांगत राहिली. परवा, धुक्यात. म्हातारा सायकल हातात धरून कडेनं चढत होता. गाडी लागली आणि तो खालच्या झुडपात गेला. गाडी थांबली नाही. तासाभरानं गवतवाल्या बायांना कण्हणं ऐकू आलं. मांडीचं हाड मोडलं होतं, रक्त फार गेलं होतं. काल पहाटे दवाखान्यात संपला.

"काय म्हणतेय रे ती?" डॉक्टरांनी काच खाली करून विचारलं.

त्या तिघांत कन्नड चन्नबसप्पाला एकट्यालाच कळत होतं. गाजराचा भाव सांगते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

चन्नबसप्पानं सगळं सांगितलं. मांडीच्या हाडाचंही, तासाभराचंही. मिहिरचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"तिला काही बोललास?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"न्हाई अजून."

"मग गाडीत बस." ते काचेतून पुढं वाकले. "त्या कागदावर माझी सही आहे, चन्नबसप्पा. तू नुसता एकटा नाहीस यात."

"ठाव हाय सर."

"शांतम्माचा विचार कर. लातूरला गेल्यावर बघू आपण काय ते. बस."

चन्नबसप्पाचा हात गळ्याकडं गेला. लिंग स्वच्छ दिसतंय म्हणून तो निवांत होता. त्याच डाव्या हाताच्या अंतरावर परवा एक माणूस चालत होता. तो बाईकडं वळला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "आई, ती गाडी हीच. चालवत मी होतो."

बाईच्या हातातली जुडी सुटली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग गाडीकडं, आणि वरच्या वस्तीच्या दिशेनं मोठ्यानं हाक मारली. डॉक्टरांनी काच वर केली. मिहिरनं गाडी बंद केली, पण उतरला नाही.

चन्नबसप्पा रस्त्यावर उभा राहिला. डावीकडून पावलं येत होती, बरीच, घाईची. किती माणसं आहेत ते त्याला दिसेना, म्हणून तो सगळाच्या सगळा त्या बाजूला वळला.